गारेची धार

मराठी ऐतिहासिक गद्य शिकविताना ज्या शब्दांपाशी अध्यापक सहसा थांबत नाहीत, अशा शब्दांपैकी 'बंदूक' हा एक होय. तलवारीचे प्रकार आम्ही हौसेने सांगतो. धोप, फिरंग, पट्टा यांतला भेद विद्यार्थी परीक्षेत लिहितातही. बंदूक मात्र बखरीतली असो, दफ्तरातल्या पत्रातली असो की अलीकडच्या कादंबरीतली, ती एकच समजली जाते : नेम धरायचा, चाप ओढायचा, बार उडायचा. वस्तुतः सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत या एका नावाखाली आपल्याकडे निदान तीन निराळी यंत्रे नांदली. तोड्याची, चकमकीची आणि टोपीची. यांपैकी मधल्या बंदुकीविषयी, त्यातही तिच्या तोंडी बसणाऱ्या एका लहानशा दगडाविषयी येथे लिहावयाचे आहे. एवढ्याशा दगडाचे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु मराठ्यांची हत्यारे मागासलेली होती म्हणून त्यांचे राज्य गेले, हे जे विधान वर्गावर्गांतून निःशंकपणे केले जाते, त्याची परीक्षा आमच्या मते या दगडावरच होते.

आधी तोडा. तोडा म्हणजे सुताची किंवा झाडाच्या तंतूंची, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली दोरी. ती विझत नाही आणि भडकतही नाही, नुसती धुमसत राहते. बंदुकीवरची एक साधी तरफ ती वाटीतल्या रंजकीवर टेकवते. रंजक, म्हणजे तोंडलावणीची बारीक दारू, पेट घेते आणि कानातून जाळ नळीत शिरतो. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, त्या काळी युरोपच्या पायदळातही बहुसंख्य बंदुका याच जातीच्या होत्या. तेव्हा त्या रात्रीचे वर्णन करणाऱ्या लेखकाने आषाढाच्या धारांत धडाधड बंदुका उडविल्या, तर वाचकाने थोडे थांबून तोड्याची चौकशी करावी. तोडा भिजला की बंदूक म्हणजे काठी. न भिजला तर अंधारात त्याचा लाल ठिपका दिसतो, वाऱ्यावर त्याचा वास येतो. मुत्सद्देगिरीइतकाच पाऊसही त्या रात्री कोणाच्या बाजूने होता, हे तोडा माहीत असलेल्याला निराळे सांगावे लागत नाही.

चकमकीच्या बंदुकीत पेटती दोरी नाही. 'चकमक' हा शब्द मूळचा तुर्की. 'चाकमाक' म्हणजे आघाताने आग पाडणे. आपल्याकडे तो बंदुकीतून आला नाही. गार, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस हे साहित्य धनगराच्या, शेतकऱ्याच्या चंचीत असायचेच. चिलीम पेटवायची ती त्यावरच. म्हणजे दगडावर लोखंड मारले की ठिणगी पडते, हे कोणा मराठी माणसाला साहेबाकडून शिकायचे नव्हते. हिंदुस्तानीत या बंदुकीला 'पथरकला', म्हणजे दगडाच्या कळीची, असे चोख नाव मिळाले. गार धरणाऱ्या अवयवाला इंग्रजीत कोंबडा म्हणतात, फ्रेंचमध्ये कुत्रा, आपल्याकडे घोडा. प्रत्येक समाजाने आपापले जनावर बांधले आहे!

आता या घोड्याच्या तोंडात गार बसवायची कशी, हा नवशिक्या शिपायाचा पहिला धडा होता, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता. बंदूक रिकामी आहे, नळीत बार नाही, वाटीत रंजक नाही, याची आधी खातरजमा. घोड्याला दोन जबडे असतात. खालचा अंगचा, वरचा सुटा, आणि दोहोंना आवळणारा एक उभा पेच. गार नुसती या लोखंडी जबड्यांत धरली तर घसरते किंवा आवळताना तडकते. म्हणून तिच्या पाठीमागून वर-खाली चामड्याचा तुकडा वेढावयाचा. काही फौजांत चामड्याऐवजी शिशाचा पत्रा वापरीत. चामड्याला मधोमध खाच ठेवली की गारेची पाठ नेमकी पेचाला टेकते आणि आघाताने ती मागे सरकत नाही. पेच प्रथम एवढाच फिरवावयाचा की गार बोटाने हलविता यावी. मग घोडा अर्ध्यावर चढवून, वाटीवरची पोलादी झडप मिटून, धार पाहावयाची. ती झडपेच्या तोंडाशी समांतर हवी. एक कोपरा पुढे राहिला तर सगळा मार त्या कोपऱ्यावर पडतो. ठिणग्या थोड्या, आणि गार लवकर फुटते. धार झडपेला भिडू भिडू व्हावी, पण टेकता कामा नये. रुंदी झडपेएवढी असावी, आणि आतल्या बाजूचा कोपरा नळीला घासता उपयोगी नाही. एवढे जमले की पेच घट्ट आवळून, घोडा हाताने धरून सावकाश खाली उतरवून बघावयाचा.

गारेची उतरती बाजू वर ठेवावी की खाली, याला एक नियम नाही. ज्या बंदुकीत आघात झडपेच्या वरच्या भागावर पडून धार खाली खरवडत जाईल, ती बाजू खरी. 'खरवडत' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. दगडाच्या पोटात अग्नी निजलेला असतो, ही कवींची कल्पना सुंदर खरी. पण बंदुकीतली ठिणगी दगडाची नसते. गारेची तीक्ष्ण धार पोलादाचे सूक्ष्म कण सोलून काढते आणि ते कण हवेत जळतात. जळते ते पोलाद. म्हणूनच झडपेचा दर्शनी भाग कडक पाणी दिलेला लागतो, मऊ लोखंडावर ठिणगी पडतच नाही. आणि म्हणूनच धार बोथटली की बंदूक मुकी होते. पहिल्या काही बारांत चामडे दबते, पेच पुन्हा आवळावा लागतो. पुढे धारेवर हलके टिचके मारून ती नवी करावी लागते. साधारण वीस-पंचवीस बारांनंतर गार बदलणेच बरे. तोड्यात यातले काहीच नव्हते.

येथे खरी मेख आहे. तोडा कोणत्याही गावात वळता येत होता. गारेचे तसे नव्हते. आमच्या या कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्याचे ठाणेच गारगोटी नावाचे आहे; सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत स्फटिक, अकीक यांना तोटा नाही. जोर्वे, इनामगाव येथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी याच जातीच्या दगडाची नाजूक पाती काढली होती. मग अडचण कशाची? बंदुकीला उत्तम ती चुनखडीच्या थरांत सापडणारी गार. ती हव्या त्या जागी फुटते, सपाट पाती देते, आणि टिचका मारताच नवी धार धरते. असे चुनखडीचे थर दख्खनच्या पठारावर नाहीत. अकीक कठीण असतो, ठिणगीही पाडतो. पण त्याला आकार देणे कष्टाचे, बोथटल्यावर धार लावणे त्याहून कष्टाचे, आणि पोलादी झडप तो कुरतडून टाकतो. इंग्रजांची काळी गार सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावी घडविली जाई, फ्रेंचांची मधाच्या रंगाची गार मन या गावच्या परिसरात. ब्रँडनचे कारागीर दगडाची धूळ छातीत जाऊन अकाली मरत, हा त्या काळ्या दगडाचा दुसरा इतिहास. तो लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतो.

तेव्हा चकमकीची बंदूक पत्करणे म्हणजे नुसते हत्यार बदलणे नव्हते. मजबूत कमानी घडविणारा कारागीर, कडक झडप, गारेचा अखंड पुरवठा आणि त्या सर्वांचा हिशोब ठेवणारे कोठार पत्करणे होते. तोडेवाला स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. त्याची लांब नळीची बंदूक दूरवर मारीत असे, आणि घोड्याचा हिसका नसल्याने नेमही ढळत नसे. उलट जळती दोरी हाती नसल्यामुळे चकमकवाले खांद्याला खांदा लावून उभे राहू शकत, पुढे संगीन लावू शकत. म्हणजे गार आली की कवायत येते, कवायतीबरोबर सरकारी बंदूक आणि सरकारी पगार. तोड्याला चिकटून राहणे हा गबाळेपणा नव्हता. ज्याला पुरवठ्याचा भरवसा नाही त्याने केलेला तो हिशोबी निर्णय होता, असे आम्ही म्हणू. आणि पुरवठ्याची समज आपल्याकडे नव्हती असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' कोल्हापूरकर संभाजी महाराजांसाठी १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. त्यातील दुर्गांचे प्रकरण ज्यांनी वाचले आहे त्यांना दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची आणि दारू वेळोवेळी बाहेर काढून ऊन देण्याची ताकीद आठवेल.

ज्यांनी हा भार उचलला, त्यांचे काय झाले? पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी फ्रेंच कवायतीत तयार झालेले होते. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइनकडून पलटणी उभारल्या त्या चकमकीच्या बंदुकांनी. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर दहा रुपयांस एक याप्रमाणे विलायतीच्या तोडीच्या बंदुका घडवीत असे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला वेलस्लीसमोर उभ्या राहिलेल्या शिंद्यांच्या पायदळाच्या हाती तोडे नव्हते. हत्यार तेच, कवायत तीच, तोफा तर सरसच. लढाईपूर्वी पलटणींचे बरेच युरोपीय अंमलदार मात्र निघून गेले होते. महिन्याभराने, ऑक्टोबरात, आग्राही इंग्रजांच्या हाती पडले, आणि त्याबरोबर तो कारखाना. मागास हत्याराच्या सिद्धान्तात असई बसत नाही. ती वगळूनच तो सिद्धान्त उभा राहतो.

भाषेने हे सगळे थर सांभाळून ठेवले आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला खरे सोयीचे ते येथेच. 'प्रश्नांची सरबत्ती' म्हणताना आपण बत्तीच्या, म्हणजे जळत्या तोड्याच्या काळात असतो. एकदम लावलेल्या बत्त्या, एकदम सुटलेले बार. 'चकमक उडाली' यात गार आणि पोलाद आहे. 'आरोपांच्या फैरी' यातली फैर इंग्रजी 'फायर'ची. काडतूस पोर्तुगीजांचे. एकाच परिच्छेदात सरबत्ती आणि फैरी दोन्ही झाडणारा आजचा अग्रलेखक दीडशे वर्षांचे अंतर सहज ओलांडतो, आणि त्यात वावगे काही नाही. शिवकाळावरच्या कादंबरीत मात्र मावळा 'फैर' झाडू लागला की कानाला खटकते, निदान खटकावे.

कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी १८४४ साली उठाव केला, त्या वेळी युरोपात गारेचे दिवस संपतच आले होते. फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट १८०७ मध्ये घेतले होते, त्यातून तांब्याची टोपी निघाली, आणि १८४० च्या सुमारास इंग्रज फौज तिच्याकडे वळू लागली. दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या जमिनींच्या जुन्या व्यवस्थेत हात घातला गेला आणि सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले; वर्ष संपण्यापूर्वी तिन्ही पडले. पुढे किल्ल्यांची तटबंदी निकामी करण्यात आली, पिढीजात शिबंदी मोडली. टोपीला ना तोडा लागतो ना गार. पावसाचे भय गेले, ठिणगीची कटकट गेली. पण टोपी गावच्या लोहाराला घडविता येत नाही, ती विकतच आणावी लागते. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक कोकणात अजून दिसते ती याच जातीची, आणि तिच्या मालकाला विचारले तर तो पहिली तक्रार टोप्या मिळत नाहीत हीच करील.