स्थिर नजर किती स्थिर?

दृष्टीच्या मध्यभागाची तपासणी करताना सांगतात, “समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवू नका.” आजूबाजूला मंद प्रकाशबिंदू चमकतात, दिसला की बटन दाबायचे. नजर हलली तर दृष्टीचा नकाशा चुकतो. पण निरोगी माणसाला तरी ही आज्ञा पाळता येते का?

नाही, हे रॉबर्ट डार्विन यांना (चार्ल्स डार्विनचे वडील) १७८६ मध्येच जाणवले होते. रंगीत वर्तुळाकडे टक लावली की कडेला एक उजळ कोर दिसे, आणि ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला सरके. वर्गात पांढऱ्या कागदावर तांबडी टिकली चिकटवून अर्धा मिनिट पाहिले तर ही कोर आपल्यालाही दिसते. डोळा किंचित सरकला की दृष्टिपटलाच्या थकलेल्या भागावर पांढरा कागद येतो, म्हणून कोर हिरवट निळी.

ही हालचाल मोजणे मात्र कठीण होते. १८९८ मध्ये डेलाबार यांनी कोकेनने डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची टोपी बसवली होती! १९५० मध्ये रॅटलिफ आणि रिग्ज यांनी कॉन्टॅक्ट लेन्सला इवलासा आरसा जोडला व त्यावरून परावर्तित झालेल्या किरणाचे चित्रण केले. सूक्ष्म कंप, संथ सरकणे आणि मधूनच बारीक झटका, असे तीन प्रकार त्यात दिसले. ही हालचाल दोष नव्हे. डिचबर्न आणि गिन्सबोर्ग यांनी १९५२ मध्ये प्रतिमा दृष्टिपटलावर एकाच जागी राहील अशी योजना केली, तेव्हा समोरचे दृश्य अधूनमधून विरून जाऊ लागले.

मग किती हालचाल निरोगी मानायची? १९७५ मध्ये स्वीडनच्या हेल आणि क्राकाउ यांनी नामी युक्ती सुचवली. ठिपक्यापासून कानशिलाकडे सुमारे १५ अंशांवर आपला अंधबिंदू असतो. तेथे प्रकाश टाकायचा. रुग्णाने बटन दाबले तर नजर ढळली. पुढे काही यंत्रे अशा २० टक्क्यांहून अधिक चुका झाल्या की तपासणी अविश्वसनीय ठरवू लागली. परंतु अंधबिंदूची जागाच चुकीची धरली असेल किंवा मान कलली असेल, तर नजर न हलवणाराही नापास होतो. काचबिंदूच्या रुग्णाला नाहक बोलणी बसतात ती इथे.

सूक्ष्म परिमापनात दृष्टिपटलाचेच सतत चित्रण करून नजर कोठे कोठे गेली याचे ठिपके मांडतात. त्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक ठिपके २ अंश व्यासाच्या वर्तुळात पडले तर नजर स्थिर मानण्याची पद्धत आहे. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी साधारण तेवढीच. निरोगी डोळ्याचे बहुतेक ठिपके याहून खूपच दाट असतात. म्हणून हल्ली ठिपक्यांभोवती लंबवर्तुळ काढून त्याचे क्षेत्रफळही मोजतात. ते खुणेचा आकार, तपासणीचा कालावधी आणि यंत्र यांनुसार बदलते. त्यामुळे एका यंत्रावरचा निरोगी आकडा दुसऱ्या यंत्राला लावता येत नाही.