फवारा आणि भोवतीची हवा

रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनात तेल नुसतं ढकललं नव्हतं, दाबलेल्या हवेच्या झोताने ते आत फुंकलं होतं. 1897 साली आउग्सबुर्गला यशस्वी ठरलेल्या त्या इंजिनाला यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, आणि तोच जड, महाग, कुरकुरणारा भाग. पुढे पंपाने नुसतं तेलच जोरात सोडायची पद्धत रुळली. 1927 मध्ये बॉशने असे पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले आणि कॉम्प्रेसरची गरज संपत गेली. तेलासोबत हवा पाठवणं बंद झालं. आता जे काही करायचं ते सिलिंडरमध्ये आधीच कोंडलेल्या हवेने. पण ती नेमकं करते काय, हे मोजायचं कसं? सगळा खेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेने याचा छडा लावला. विमानांना तेलाचं इंजिन बसवता येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न. डब्ल्यू. एफ. जोकिम आणि एडवर्ड बिअर्ड्सली यांनी काचेची खिडकी असलेल्या कोठीत वायू दाबून भरला, त्यात एकच फवारा सोडला आणि विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात त्याचे फोटो काढले. कंडेन्सर एकामागून एक रिकामे व्हायचे, प्रत्येकाची एक ठिणगी, प्रत्येक ठिणगीला एक चित्र. अशी 25 चित्रं, सेकंदाला 4,000 या वेगाने. म्हणजे फवाऱ्याचा जन्म, वाढ आणि शेवट सहा मिलिसेकंदांत फिल्मवर. 1927 च्या त्यांच्या अहवालातला निष्कर्ष मला आजही थक्क करतो: फवारा किती लांब जाणार हे भोवतीच्या वायूची घनता ठरवते, आणि वायूच्या दुसऱ्या कुठल्याही गुणाचा मोजण्याइतका परिणाम दिसत नाही.

हे वाचलं तेव्हा मी सांगलीत डिझेल पंप दुरुस्तीच्या धंद्यात मुरलो होतो. कृष्णाकाठची इंजिनं धूर मारायला लागली की नोझल आमच्याकडे यायचे. टेस्टरवर चढवायचा, दांडा दाबायचा. काटा 200 बारच्या आसपास गेला की चर्र आवाज करत फवारा सुटला पाहिजे, आणि नंतर टोकाला थेंब लोंबता कामा नये. फवाऱ्यासमोर हात कधीच न्यायचा नाही, कारण ते डिझेल कातडी फोडून आत शिरतं. ही तपासणी खरीच आहे. नोझल उघडतो कधी आणि गळतो का, हे तिच्यातून कळतं. पण आमच्या टेबलावरच्या हवेची घनता घनमीटरला सव्वा किलोही नसते, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांनी तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या डिझेल फवाऱ्याच्या प्रयोगात ती 22.8 किलो धरतात. इंजिनात सुटतो तो फवारा कुठल्याच मेकॅनिकने डोळ्यांनी पाहिलेला नाही.

फवारा वायूला ढकलतो तसा तो त्याला आत ओढूनही घेतो. किती ओढतो, हे 1961 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रिकू आणि स्पाल्डिंग यांनी मोजलं. त्यांचा झोत तेलाचा नव्हता, वायूचा होता. तो त्यांनी सच्छिद्र भिंतीच्या नळकांड्यात सोडला आणि आतला दाब सगळीकडे सारखा होईपर्यंत भिंतीतून हवा पुरवली. जितकी पुरवावी लागली, तितकी झोताने ओढली. इतकी सरळ, प्रामाणिक मोजणी मी क्वचितच पाहिली आहे. ओढलेली हवा भोकापासूनच्या अंतराबरोबर वाढते, पण ते अंतर भोकाच्या व्यासाच्या पटीत मोजायचं असतं.

याचा डिझेलसाठी पुरता उलगडा व्हायला 1990 चं दशक उजाडलं. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या सँडिया प्रयोगशाळेत डेनिस सीबर्स यांनी पोलादी कोठीत आधी ज्वालाग्राही मिश्रण पेटवलं. जळून उरलेला वायू भिंतींना उष्णता देत निवत जातो. हवं ते तापमान आलं की त्याच क्षणी डिझेल सोडायचं. द्रवरूप डिझेल भोकापासून ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतं, त्यापुढे फक्त वाफ. पंपाचा दाब वाढवला तरी ते अंतर जवळपास हलत नाही, कारण तेल जास्त सुटतं तसा गरम वायूही त्याच प्रमाणात जास्त ओढला जातो. भोक लहान केलं की मात्र अंतर त्याच प्रमाणात घटतं. म्हणजे वाफ होण्याचा वेग थेंबांच्या बारीकपणापेक्षा ओढून घेतलेल्या गरम वायूवर अडलेला असतो.

कचऱ्याच्या डिझेलने भोकं झिजून मोठी झालेला नोझल टेस्टरवर चर्र करतो, टपकतही नाही, आणि इंजिनावर चढवला की तरीही धूर मारतो. त्याचं द्रव डिझेल लांब जाऊन पिस्टनवर आदळतं. नोझल उघडायचा दाब ठरवणाऱ्या स्प्रिंगचा ताण वाढवून त्याचं भागत नाही, नोझल नवाच घालावा लागतो.