मृदा-स्थिरके, नैसर्गिक

मातीच्या भिंती, विटा व गिलावा यांची बळकटी आणि पाण्यातील टिकाव वाढावा म्हणून चिखलात मिसळले जाणारे वनस्पतिज, प्राणिज वा खनिज पदार्थ. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) हे तालुके सह्याद्रीलगतचे, भरपूर पावसाचे आणि भातशेतीचे असल्याने असे बरेच पदार्थ तेथे हाताशी मिळतात.

तंतुमय पदार्थ : भाताचे काड व तूस चिखलात तुडवून तो मुरवतात. तंतूंमुळे माती वाळताना पडणाऱ्या भेगा कमी होतात. शेणातील तंतू व चिकट द्रव्ये गिलाव्याची झीज लांबवतात. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यातही भांगेचे तंतू आढळले आहेत.

टॅनिन : येथील जंगलांतल्या हिरड्याच्या फळात सुमारे ३० टक्के टॅनिन (तुरट द्रव्य) असते. तांबड्या मातीतील लोहाशी त्याचा संयोग होऊन कण एकमेकांना धरून राहतात.

चुना : काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज ओले होताच फुगते, चुन्यामुळे ते आटोक्यात येते. चुन्यात गूळ, बेलफळ व हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत जुनी आहे. गुळामुळे चुना सावकाश घट्ट होतो व कालवण्यास सोपा जातो.

मर्यादा व लाभ : यांपैकी कोणताही पदार्थ मातीला पूर्ण जलरोधक करीत नाही. म्हणून दगडी जोते, रुंद वळचण, पावसाच्या बाजूला गवताचा आडोसा आणि दरवर्षीचे लिंपण आवश्यक ठरते. सिमेंटच्या भट्टीला सुमारे १,४५०° से. तापमान लागते, चुना वगळता हे पदार्थ मात्र अत्यल्प इंधनात तयार होतात आणि चुना न घातलेली माती भिजवून पुन्हा वापरता येते.