मुंबई विमानतळ: जायचं कसं आणि ‘खुशी’ किती द्यायची?

उमराहला निघालेले अम्मी-अब्बा असोत की दुबई-कुवेतहून सुट्टीवर येणारा मुलगा, गावाकडच्या आपल्या घरांना कधी ना कधी मुंबई विमानतळ गाठावा लागतोच. विमानाचं तिकीट आपण चार महिने आधी काढतो. पण स्टेशनवरून विमानतळावर जायचं कसं आणि कुणाच्या हातावर किती ठेवायचं, हे मात्र सामान खाली उतरवल्यावर ठरवतो. पैसे तिथंच जातात, आणि मनस्तापही तिथंच होतो.

मागे आमची खाला उमराहला गेली. गुडघ्यामुळे व्हीलचेअर घेतली होती. आत गेल्यावर खुर्ची ढकलणाऱ्या मुलानं ‘खुशी’ मागितली आणि खालानं बटव्यातली पाचशेची नोट काढून दिली. नंतर विचारलं तर म्हणाली, “अरे, त्यानं मधेच सोडलं असतं तर मी कुठं गेले असते?” आम्हाला हेच खटकलं. भीतीनं दिलेल्या पैशाला खुशी कसं म्हणायचं? म्हणून ही माहिती एका ठिकाणी लिहून ठेवत आहोत.

आधी तिकीट नीट वाचा

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनल आहेत. टी-२ सहारला, अंधेरी पूर्वेकडे. परदेशी जाणारी विमानं इथूनच सुटतात. टी-१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला. तिथं देशातली विमानं. पण देशातली काही विमानं टी-२ वरूनही जातात, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. तिकिटावर बी-ओ-एम असेल तर जुना विमानतळ, एन-एम-आय असेल तर नवी मुंबई. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर दोन्हींमधलं अंतर ट्रॅफिकमध्ये विमान चुकवायला पुरेसं आहे.

मेट्रो: स्वस्त, पण रात्री नाही

मेट्रो-३ म्हणजे भुयारी मेट्रो. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि टी-१, टी-२ दोन्हींना तिची स्थानकं आहेत. सीएसएमटी किंवा दादरला उतरणाऱ्यांना थेट ही मेट्रो मिळते. कल्याण-ठाण्याकडून येणाऱ्यांनी लोकलनं घाटकोपर गाठावं, तिथून मेट्रो-१ नं मरोळ नाका, आणि तिथं गाडी बदलून पुढचंच स्थानक टी-२.

अडचण दोन गोष्टींची. आखाती देशांची बरीच विमानं मध्यरात्री किंवा पहाटे असतात, आणि मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते. दुसरं, मोठ्या बॅगा, झमझमचे कॅन आणि सोबत म्हातारी माणसं असतील तर जिने-लिफ्ट करत जाणं जड जातं. एकटा तरुण, एक बॅग, दिवसाची वेळ असेल तर मात्र मेट्रोसारखं दुसरं काही नाही.

टॅक्सी आणि रिक्षा: हिशोब स्वतः करा

१ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरानुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६ रुपये. पुढे टॅक्सीला किलोमीटरमागे २०.६६ आणि रिक्षाला १७.१४ रुपये. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत सव्वापट.

वर्गात घालतो तसं एक गणित घालू. टी-२ ते सीएसएमटी साधारण २५ किलोमीटर धरा. टॅक्सीचे होतात सुमारे ५१५ रुपये, रात्रीचे सुमारे ६४५. ट्रॅफिकमध्ये थांबल्याचे थोडे वर जातील. कुणी दोन हजार सांगितले तर ते भाडं नाही, आपल्या अनोळखीपणाची किंमत आहे, एवढं लक्षात येतं.

बाहेर येऊन “टॅक्सी, टॅक्सी” म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका. आत प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे. पावती घ्या आणि उतरेपर्यंत स्वतःजवळ ठेवा; पोहोचल्यावरच ड्रायव्हरला द्या. ओला-उबर घेणार असाल तर गाडीचा नंबर जुळवूनच बसा.

रिक्षा फक्त उपनगरात चालते. वांद्रे-सायनच्या पुढे मुंबई शहरात तिला परवानगी नाही. सहारच्या उन्नत रस्त्यावरही रिक्षा जात नाही. ती खालच्या रस्त्यानं येते.

टोलचंही बघा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल नाही. तरी कुणी ‘वाशीचा टोल’ लावत असेल तर विचारा. सी-लिंकचा टोल मात्र आहे, त्यामुळे ‘सी-लिंकनं जाऊ का’ म्हटलं की तो आपल्या खिशातून जाणार हे समजून हो म्हणा.

गावाकडून गाडी करून येत असाल तर

एकाला सोडायला दहा जण येणं ही आपली जुनी सवय. पण टर्मिनलच्या आत तिकीट असलेल्यालाच सोडतात. बाकीच्यांनी दरवाजाशी गळाभेट घ्यायची, दुआ घ्यायची आणि परत फिरायचं. पार्किंगचे पैसे वेळेवर वाढत जातात.

गाडी ठरवतानाच पाच गोष्टी तोंडानं बोलून घ्या: डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, आणि विमान उशिरा आलं तर थांबण्याचे पैसे. रात्रभर जागून गाडी चालवणाऱ्याला आपल्याबरोबर जेवायला बसवा. ते बक्षीस नाही, आपला रिवाज आहे.

बक्षीस: हक्क वेगळा, खुशी वेगळी

मजुरी हा समोरच्याचा हक्क आहे. ती ठरल्याप्रमाणे, पूर्ण आणि लगेच द्यायची. बक्षीस ही आपली खुशी; ती मागून घेण्याची वस्तू नाही. ही दोन खाती वेगळी ठेवली की गोंधळ होत नाही.

*व्हीलचेअर:* तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीला कळवा. चालता न येणाऱ्या प्रवाशासाठी या मदतीचे पैसे नसतात. बक्षीस देणं सक्तीचं नाही आणि न दिल्यानं कुणी खुर्ची सोडून जाऊ शकत नाही. कुणी अडून बसलं तर विमान कंपनीच्या काउंटरवर सांगा. आपल्याच मनात आलं तर ५०-१०० रुपये, तेही काम पूर्ण झाल्यावर. घरच्या बुजुर्गांना हे निघण्याआधी समजावून सांगा आणि सुट्ट्या नोटा वेगळ्या कप्प्यात द्या. बटवा उघडला की मोठी नोटच हाताला लागते.

*ट्रॉली:* विमानतळावर ती मोफत आहे. बाहेर न विचारता कुणी ट्रॉलीला हात लावला तर आधीच “नको भाऊ, आम्ही नेतो” म्हणा. गाडीशी पोहोचल्यावर वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

*परत येताना:* “थोडे रियाल द्या” असं काही जण म्हणतात. १० रियालची नोट दोनशे रुपयांहून जास्त होते, हे थकलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

*टॅक्सी-रिक्षा:* टक्क्यांचा हिशोब आपल्याकडे नाही. ४८७ झाले तर ५०० देऊन सुटे सोडायचे. ड्रायव्हरनं बॅगा चढवल्या-उतरवल्या तर वर २०-५० द्यावेत.

*स्टेशनवरचे हमाल:* लाल सदरा आणि दंडावर बिल्ला बघा. रेल्वेनं दर ठरवून दिलेले असतात. डोक्यावर बॅग जाण्याआधी पैसे बोला, आणि बोललात तेवढे घासाघीस न करता द्या.

*हॉटेल:* बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा ४ जुलै २०२२ चा तसा आदेश आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी तो कायम केला. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज काढायला सांगा; नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्या पोराला त्याच्या हातात दहा-वीस, मोठ्या बिलाला थोडे जास्त द्या.

एक गोष्ट मात्र आम्ही आमच्या मुलांनाही सांगतो. खुर्ची ढकलणारा तो मुलगा बहुधा कंत्राटावर असतो, आठ-दहा तास पायावर उभा. तो मागतो ते चूक. पण त्याला झिडकारणंही चूक. खाला परतली तेव्हा दुसऱ्या एका मुलानं तिला थेट आमच्यापर्यंत आणून सोडलं आणि काही न मागता वळला. तिनंच हाक मारून त्याला शंभर रुपये आणि दोन खजुराची पाकिटं दिली. घरी येईपर्यंत ती त्याचंच कौतुक करत होती. पहिल्या पाचशेचं नाव तिनं परत काढलं नाही.