फलश्रुती, प्रस्तावना आणि उत्तर देणारी वाचक

आपला वाङ्मयेतिहास हा बव्हंशी लेखकांचा व ग्रंथांचा इतिहास आहे. वाचक त्यात असतो तो गृहीतकाच्या रूपाने. एखादी कादंबरी ‘लोकप्रिय’ होती असे आपण लिहितो, पण ती वाचताना वाचणाऱ्याच्या मनात काय घडले, हा प्रश्न सहसा उपस्थित करीत नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये छापील पुस्तकांच्या याद्या होऊ लागल्या. त्यांत प्रतींची संख्या व किंमत नोंदली जाई. रत्नागिरी (1828), अहमदनगर (1838), पुणे (1848) येथे ग्रंथालये स्थापन झाली होती. या सामग्रीवरून पुस्तके कोठवर उपलब्ध होती, हे कळते. त्यांचे वाचन कसे झाले, हे कळत नाही. ते कळण्यासाठी वाचकाने स्वतः काही लिहून ठेवलेले असावे लागते, आणि सामान्य वाचक तसे क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात अशा एका अपवादाचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम मुद्रणपूर्व श्रवणाच्या परंपरेकडे वळले पाहिजे. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारखे ग्रंथ शतकानुशतके ऐकले गेले. चातुर्मासात पोथी लावली जाई. एक वाची, अनेक ऐकत. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही या अर्थाने ‘वाचक’ होत्या. या परंपरेत प्रतिसाद ग्रंथातच नेमून दिलेला असे. त्याचे नाव फलश्रुती. हा ग्रंथ कसा ऐकावा, कोणत्या भावाने ऐकावा आणि ऐकल्याने काय लाभेल, हे ग्रंथच सांगे. फलश्रुतीला आपण धार्मिक उपचार मानून सोडून देतो. वस्तुतः ती त्या परंपरेची स्वतःची वाचनमीमांसा आहे. श्रोत्याने शंका विचारावी, हेही तीत बसते. मात्र ती शंका निरसनासाठी असते, खंडनासाठी नव्हे.

छापील कादंबरी आली तेव्हा फलश्रुती नाहीशी झाली असे दिसते. पण तिचे कार्य प्रस्तावनेने पत्करले. मनोरंजनातून नीतिबोध, हे लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (1861) पुढे चालत आलेले आश्वासन म्हणजे लौकिक फलश्रुतीच होय. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (1868) प्रस्तावनेत मांडलेली भूमिका अधिक लक्षणीय आहे. आपल्या समाजातील विवाहपद्धती आणि अन्य कारणे यांमुळे हिंदूंच्या जीवनात मन वेधून घेईल असे काही घडत नाही, म्हणून कादंबरीकाराला अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (1857) विधवांच्या स्थितीचेच चित्र घेऊन आधी प्रसिद्ध झालेले होते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. म्हणजे विषयाचा अभाव नव्हता. तो विषय ‘मनोवेधक’ मानण्याची तयारी नव्हती.

या कादंबऱ्यांवर आक्षेप घेतले गेले ते प्रथम सुशिक्षित पुरुषांकडून. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक’ यांविषयीचा निबंध 1872 मधला. मराठी कादंबरीसमीक्षेचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. त्यातील मुख्य कसोटी संभाव्यतेची आहे: असे घडणे शक्य आहे काय? या कसोटीने लेखकाचे कौशल्य तपासले जाते. चित्रण कोणाच्या हिताचे, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

तो प्रश्न 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी विचारला. सुरत येथील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या प्रकरणी ‘पुणेवैभव’ पत्रात स्त्रीजातीवर जी टीका आली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात तिच्या 500 प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. या निबंधाचा अभ्यास स्त्रीवादी विचाराचा आद्य आविष्कार म्हणून झाला आहे. परंतु तो एका वाचकाचा जबाबही आहे, ही बाजू उपेक्षित राहिली आहे. आपण मराठमोळ्याच्या बंदिस्त घरात वाढलो, असे ताराबाई आरंभीच सांगतात. म्हणजे त्यांचे जग मुख्यतः श्रवणातून व वाचनातून आलेले आहे. पुराणकथा, ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ आणि वृत्तपत्र या सर्वांचा त्या एकाच ओघात समाचार घेतात.

समीक्षेच्या रूढ दृष्टीने हा दोष ठरेल. पुराण, कादंबरी व बातमी यांचे संकेत भिन्न आहेत. त्यांना एकाच मापाने मोजणे अप्रस्तुत, असे म्हणता येईल. परंतु हे प्रकारभेद उत्पादनाच्या बाजूचे आहेत. ग्रहणाच्या बाजूने पाहिले तर घरात बसून ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या स्त्रीला पोथी, कादंबरी आणि वर्तमानपत्र या तिन्हींतून एकच उपदेश पोहोचत होता: दोष स्त्रीचा. सावित्रीने पतीचे प्राण यमाकडून परत आणले, तसे पत्नीसाठी करणारा एखादा पती कोठे आहे, असे ताराबाई विचारतात. या प्रश्नात कथेच्या सत्यतेविषयी वाद नाही. कथा खरी मानूनच तिची फलश्रुती नाकारलेली आहे. मराठ्यांच्या संभाव्यतेच्या कसोटीपेक्षा ही कसोटी मूलतः वेगळी आहे. तिला ‘तुलना’ हे नाव खुद्द लेखिकेनेच दिले आहे. स्त्रीवर लादलेला प्रत्येक दुर्गुण पुरुषाच्या आचरणाशेजारी ठेवून पाहावयाचा, ही तिची रीत.

यातूनच रिसबुडांच्या प्रस्तावनेला अनपेक्षित उत्तर मिळते. हिंदू कुटुंबजीवनात सांगण्याजोगे काही नाही, असे कादंबरीकार म्हणत होता. त्याच्याच कादंबरीच्या वाचक स्त्रीला चौदा वर्षांनी त्याच कुटुंबव्यवस्थेत फाशीपर्यंत जाणारे कथानक दिसले. वैधव्य, सक्तीचे एकाकीपण, फसवणूक आणि शिक्षा हे सारे वास्तव होते. अद्भुताची गरज विषयाच्या दारिद्र्यातून नव्हे, तर विषय टाळण्यातून निर्माण झाली होती, हे या वाचनाने उघड केले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 मध्ये ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. कादंबरीला जे नंतर सुचले, त्याची मागणी वाचकाच्या बाजूने आधीच नोंदली गेली होती. यात कार्यकारणसंबंध सिद्ध होतो असे नव्हे; पण वास्तववादाचा उगम केवळ लेखकाच्या प्रतिभेत व इंग्रजी वाचनात शोधणे अपुरे आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

एका वाचकावरून साऱ्या वाचकवर्गाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. त्यांनी मुलीला शिकविले. ही परिस्थिती सार्वत्रिक नव्हती. तथापि अपवाद नियमाची मर्यादा दाखवितो. नेमून दिलेला प्रतिसाद नाकारणे त्या काळात अशक्य नव्हते; ते नोंदविणे दुष्कर होते. नोंदविल्यावर काय होते, हेही या पुस्तकाच्या भवितव्यातून दिसते. त्यावर प्रतिकूल टीका झाली. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र उपलब्ध नाही. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रित करीपर्यंत हा निबंध वाङ्मयेतिहासाच्या जवळजवळ बाहेरच राहिला.

याचा अर्थ, वाचकांचा इतिहास लिहिताना केवळ ग्रंथालयांची दफ्तरे व खपाचे आकडे धुंडाळून भागणार नाही. वादग्रंथ, पत्रव्यवहार, वृत्तपत्रांतील उत्तरे यांच्याकडे वाचनाची साधने म्हणून पाहावे लागेल. प्रस्तावनेत लेखकाने कल्पिलेला वाचक आणि उत्तर लिहिणारा प्रत्यक्ष वाचक यांच्यातील अंतर मोजणे, हे या इतिहासाचे पहिले काम आहे. ते अंतर जेथे सर्वांत मोठे आहे, तेथे ग्रंथाच्या अर्थावर हक्क कोणाचा, हा प्रश्न पणाला लागलेला असतो.