लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल: आगीनंतर उभं राहिलेलं, बॉम्बमधून वाचलेलं आणि महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेलं चर्च

२९ डिसेंबर १९४०, रविवारची रात्र. जर्मन विमानं लंडनच्या जुन्या शहरावर आग लावणारे बॉम्ब टाकत होती. थेम्स नदीला ओहोटी होती, पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या होत्या आणि अग्निशमन दलाच्या नळांना पुरेसं पाणी मिळत नव्हतं.

त्या रात्री सेंट पॉल्स कॅथेड्रलवर आणि त्याच्या आसपास दोन डझनांहून अधिक बॉम्ब पडले. त्यातला एक घुमटावरच्या शिशाच्या पत्र्यात रुतून बसला. शिसं वितळायला लागलं. घुमटाखाली लाकडी सांगाडा होता. बॉम्ब आत पडला असता तर सगळं संपलं असतं. पण तो बाहेरच्या बाजूला खालच्या गच्चीवर पडला आणि पहाऱ्यावरच्या स्वयंसेवकांनी तो विझवला.

धुराच्या लोटांमधून वर आलेल्या घुमटाचा हर्बर्ट मेसन यांनी एका वृत्तपत्राच्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेला फोटो दोन दिवसांनी छापून आला. दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्रांमध्ये त्याचा समावेश होतो.

लंडनला जाणाऱ्यांच्या यादीत हे चर्च हमखास असतं. पण ते नेमकं का महत्त्वाचं आहे? आत काय बघायचं? आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध?

सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी एकच आहेत का?

नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो.

ब्रिटिश राजांचा राज्याभिषेक होतो ते वेस्टमिन्स्टर ॲबी. ते संसदेजवळ आहे. सेंट पॉल्स तिथून पूर्वेला, 'सिटी ऑफ लंडन' या जुन्या व्यापारी भागात लडगेट हिल नावाच्या टेकडीवर आहे.

ज्या चर्चमध्ये बिशपचं अधिकृत आसन असतं, त्याला कॅथेड्रल म्हणतात. सेंट पॉल्स हे लंडनच्या बिशपचं कॅथेड्रल आहे.

चार्ल्स आणि डायना यांचं लग्न २९ जुलै १९८१ रोजी इथेच झालं. १९६५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांचा आणि २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांचा अंत्यविधीही इथेच झाला. नोबेल शांतता पुरस्कार घ्यायला ऑस्लोला जाताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी ६ डिसेंबर १९६४ रोजी इथे प्रवचन दिलं होतं.

हे चर्च कधी आणि कसं बांधलं?

या टेकडीवर पहिलं चर्च इ.स. ६०४ मध्ये उभं राहिलं. त्यानंतर आगी लागत गेल्या आणि नवी चर्च उभी राहत गेली. आजच्या इमारतीच्या आधीचं प्रचंड मोठं चर्च १०८७ नंतर बांधायला घेतलं होतं. १५६१ मध्ये वीज पडून त्याचा मनोरा नष्ट झाला.

सप्टेंबर १६६६ मध्ये पुडिंग लेन भागातल्या एका बेकरीत आग लागली आणि ती चार दिवस शहरभर पसरत राहिली. १३ हजारांहून अधिक घरं आणि ८७ चर्च जळाली. सेंट पॉल्सच्या भोवती दुरुस्तीसाठी लाकडी परांची बांधलेली होती. तिने पेट घेतला. दगडी चर्च सुरक्षित राहील या भरवशावर पुस्तकविक्रेत्यांनी आपला माल तळघरात आणून ठेवला होता, तोही जळाला.

नव्या चर्चचं काम ख्रिस्टोफर रेन यांच्याकडे आलं. रेन मुळात ऑक्सफर्डमध्ये खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते आणि रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी ओक लाकडाचं सुमारे सहा मीटर लांबीचं मॉडेल तयार करून घेतलं. धर्मगुरूंना ते पसंत पडलं नाही. हे मॉडेल आजही कॅथेड्रलमध्ये जपून ठेवलेलं आहे.

१६७५ मध्ये वेगळ्याच आराखड्याला राजाची मंजुरी मिळाली. मात्र सजावटीत बदल करायची मुभा त्यात होती. रेन यांनी या मुभेचा पुरेपूर फायदा घेतला. आज दिसणारी इमारत मंजूर आराखड्यापेक्षा बरीच वेगळी आहे.

२१ जून १६७५ रोजी पायाभरणी झाली. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. पुढच्याच वर्षी, १६७६ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत सेंट थॉमस चर्चचा पाया घातला गेला. मुंबईतलं 'चर्चगेट' हे नाव त्याच चर्चवरून पडलं.

पैसा कुठून आला?

मुख्यतः कोळशावरच्या करातून. लंडन बंदरात येणाऱ्या कोळशावर कर लावण्यात आला आणि त्यातला काही वाटा चर्चच्या बांधकामाला दिला गेला. म्हणजे ज्या लंडनकराने घरात शेकोटी पेटवली, त्याने या घुमटाला हातभार लावला.

तरीही काम लांबत गेलं. १६९७ मध्ये संसदेने रेन यांचा अर्धा पगार रोखून धरला. चर्च पूर्ण झाल्यावरच उरलेली रक्कम मिळेल, असं ठरलं. अखेर १७११ मध्ये काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि रेन यांना थकबाकी मिळाली. तेव्हा त्यांचं वय ७९ होतं.

१७२३ मध्ये रेन यांचं निधन झालं. त्यांना याच चर्चच्या तळघरात पुरण्यात आलं. त्यांच्या थडग्यावर साधी शिळा आहे आणि शेजारच्या भिंतीवर लॅटिन मजकूर. त्याचा आशय असा: याचं स्मारक शोधत असाल, तर भोवताली नजर टाका.

घुमट एक की तीन?

बाहेरून एकच दिसतो, पण प्रत्यक्षात ते एकात एक बसवलेले तीन थर आहेत.

शहरात लांबून दिसायचा तर घुमट खूप उंच हवा. पण तेवढाच उंच घुमट आतून पाहिला तर विहिरीत उलटं बघितल्यासारखं वाटेल. रेन यांनी यावर तोडगा काढला. आतल्या बाजूला कमी उंचीचा विटांचा घुमट आणि बाहेर लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा मढवलेला मोठा घुमट.

मग वरच्या दगडी मनोऱ्याचं वजन कोण पेलतं? त्याचं वजन सुमारे ८५० टन आहे. लाकडी सांगाडा ते पेलू शकत नाही. त्यासाठी दोन घुमटांच्या मध्ये विटांचा एक शंकू आहे. तो आतूनही दिसत नाही, बाहेरूनही नाही. पायथ्याशी घुमट बाहेर फाकू नये म्हणून लोखंडी साखळी बसवलेली आहे.

क्रॉसच्या टोकापर्यंत इमारतीची उंची १११ मीटर आहे. १९६० च्या दशकापर्यंत लंडनमध्ये याहून उंच इमारत नव्हती.

कुजबुज ऐकू येणारी गॅलरी आणि सी. व्ही. रामन

२५७ पायऱ्या चढल्यावर 'व्हिस्परिंग गॅलरी' लागते. घुमटाच्या आत, जमिनीपासून सुमारे ३० मीटर उंचीवरचा हा गोल सज्जा. इथे भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, तर लांब दुसऱ्या बाजूला भिंतीला कान लावून बसलेल्या माणसाला ते ऐकू येतं.

विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही. १६५६ मध्ये पूर्ण झालेला गोल घुमट सेंट पॉल्सपेक्षा जुना आहे आणि व्यासाने मोठाही.

हे कसं होतं? आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, असं आधी मानलं जायचं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी दाखवलं की आवाजाच्या लहरी गोल भिंतीला चिकटून सरकत जातात. त्यामुळे त्या चहूकडे पसरून विरत नाहीत.

१९२१ मध्ये पहिल्यांदाच परदेशी गेलेले सी. व्ही. रामन सेंट पॉल्समध्ये आले. त्यांनी या गॅलरीत प्रयोग केले आणि जी. ए. सदरलँड यांच्यासोबत 'नेचर' नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. भारतात आल्यावर त्यांनी गोल घुमटासह इतर इमारतींमधल्या आवाजाचाही अभ्यास केला.

याच प्रवासातून परतताना समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना विचारात पाडलं. बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हा त्यांनी त्यावर पत्र लिहिलं होतं. प्रकाशाच्या विखुरण्यावरच्या त्यांच्या पुढच्या कामाला १९३० मध्ये नोबेल मिळालं.

ही गॅलरी २०१९ पासून दीर्घकाळ बंद ठेवण्यात आली. त्यामुळे फक्त तिच्यासाठी जाणार असाल, तर आधी कॅथेड्रलच्या वेबसाइटवर खात्री करा.

असईच्या लढाईचा सेनापती तळघरात

कॅथेड्रलच्या तळघरात ब्रिटनच्या दोन मोठ्या सेनानींची थडगी आहेत. एक ॲडमिरल नेल्सन, घुमटाच्या बरोबर मध्याखाली. दुसरा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ग्रॅनाइटच्या भव्य पेटीत.

वेलिंग्टन जगाला माहीत आहे तो १८१५ च्या वॉटर्लूमुळे. पण नेपोलियनला हरवण्याच्या बारा वर्षं आधी तो आर्थर वेलस्ली या नावाने महाराष्ट्रात लढत होता. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे त्याची दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली.

मराठ्यांचं सैन्य आणि तोफखाना मोठा होता. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांचे प्रचंड लोक मारले गेले. त्यानंतर डिसेंबरमध्ये विदर्भातला गाविलगडही पडला. या युद्धाने दख्खनमधल्या मराठी सत्तेला जबर हादरा दिला.

थोडक्यात, महाराष्ट्रातून आलेला पर्यटक या पेटीसमोर उभा राहतो, तेव्हा तो आपल्याच इतिहासातल्या एका पानासमोर उभा असतो.

इतर भारतीय खुणा कोणत्या?

वरच्या मुख्य दालनातही भारताशी संबंधित स्मारकं आहेत.

* विल्यम जोन्स: कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या आणि १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या या विद्वानाचा पुतळा. त्याचा हात मनुस्मृतीच्या त्याने केलेल्या भाषांतरावर टेकलेला आहे.
* लॉर्ड कॉर्नवॉलिस: टिपू सुलतानाविरुद्ध लढलेला आणि बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणणारा गव्हर्नर जनरल. १८०५ मध्ये गाझीपूर इथे त्याचा मृत्यू झाला. स्मारकात त्याच्या पायाशी भारताचं प्रतीक असलेल्या आकृती आहेत.

या स्मारकांवर ब्रिटनमध्येही चर्चा सुरू आहे. साम्राज्याच्या नावाने लढलेल्यांचा गौरव चर्चमध्ये असावा का? पुतळे काढावेत की त्यांच्याशेजारी दुसरी बाजू मांडावी? सेंट पॉल्सने यॉर्क विद्यापीठासोबत एक प्रकल्प राबवला. त्यात पन्नास स्मारकांबद्दल पन्नास वेगवेगळ्या लोकांची मतं मागवण्यात आली. पुतळे जागेवरच राहिले, पण त्यांच्याकडे बघण्याची एकच नजर राहिली नाही.

युद्धात चर्च कुणी वाचवलं?

या कामासाठी 'सेंट पॉल्स वॉच' नावाचं स्वयंसेवकांचं पथक होतं. पहिल्या महायुद्धात ते तयार झालं आणि १९३९ मध्ये पुन्हा उभं केलं गेलं. त्यात अनेक वास्तुविशारद होते. अंधारात छतावरच्या अरुंद वाटा आणि जिने पाठ असणारी माणसं हवी होती. हातपंप, वाळूच्या पिशव्या आणि बादल्या, एवढ्यावर ते लढले.

सप्टेंबर १९४० मध्ये चर्चजवळ एक न फुटलेला मोठा बॉम्ब जमिनीत खोल घुसला. रॉबर्ट डेव्हिस यांच्या पथकाने तीन दिवस खोदून तो काढला आणि शहराबाहेर नेऊन उडवला. डेव्हिस यांना जॉर्ज क्रॉस पदक मिळालं. पुढच्या महिन्यात मात्र एक बॉम्ब छत फोडून आत आला आणि मुख्य वेदी उद्ध्वस्त झाली. आजची वेदी १९५८ मधली आहे.

घुमट दिसत राहावा म्हणून कायदे?

होय. १९३० च्या दशकापासून आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत. सुमारे १६ किलोमीटर दूर असलेल्या रिचमंड पार्कमधल्या टेकाडावरून दिसणारं घुमटाचं दृश्यही संरक्षित आहे. 'चीजग्रेटर' नावाने ओळखली जाणारी गगनचुंबी इमारत एका बाजूने तिरकी आहे, कारण सरळ बांधली असती तर फ्लीट स्ट्रीटवरून दिसणाऱ्या घुमटामागे तिची भिंत आली असती.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

* तिकीट: पर्यटकांसाठी प्रवेश सशुल्क आहे. मोठ्यांचं तिकीट २० पौंडांहून अधिक आहे. ऑनलाइन आधी घेतलं तर बरं पडतं.
* पैसे का घेतात? अशा चर्चना सरकारकडून नियमित निधी मिळत नाही. देखभालीचा मोठा भाग तिकिटांतून निघतो.
* मोफत काय? प्रार्थनेला येणाऱ्यांकडून पैसे घेतले जात नाहीत. संध्याकाळच्या 'ईव्हनसाँग' प्रार्थनेत गायकवृंद ऐकता येतो. धर्म कुठलाही असला तरी चालतं. मात्र त्या वेळी फिरता येत नाही आणि फोटोही काढता येत नाहीत.
* रविवार टाळा: रविवारी चर्च प्रार्थनेसाठी उघडं असतं, पर्यटनासाठी नाही.
* पायऱ्या: स्टोन गॅलरीपर्यंत ३७६, तर सगळ्यात वरच्या गोल्डन गॅलरीपर्यंत ५२८. वरचे जिने अरुंद आहेत. गुडघेदुखी किंवा उंचीची भीती असेल, तर खालचं दालन आणि तळघरच बघायला दोन तास लागतात.
* कसं जायचं? भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनवर 'सेंट पॉल्स' स्टेशन आहे. टेट मॉडर्न संग्रहालयाकडून येत असाल, तर मिलेनियम ब्रिज या पादचारी पुलावरून चालत या. घुमटाचा फोटो काढण्यासाठी हीच सगळ्यात चांगली जागा आहे, आणि तिला तिकीट नाही.