३१० जीबीतले उरले साडेचार

गिटलॅब डॉट कॉम ही जगभरातल्या प्रोग्रामरांनी आपला कोड ठेवायची जागा. कंपनीची माणसं देशोदेशी विखुरलेली, घरून काम करणारी. जानेवारी २०१७ मध्ये या सेवेची खाती, प्रकल्पांच्या नोंदी, त्यांवरच्या तक्रारी आणि चर्चा असं सगळं एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. सर्व्हर दोन. डीबी१ मुख्य; डीबी२ स्टँडबाय, मुख्य पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा. त्या महिन्याच्या शेवटच्या रात्री डीबी१ वरचा डेटा पुसला गेला. त्या रात्रीचा तपशील कंपनीने स्वतःच जाहीर केला, तोही हातचं न राखता, म्हणून तो आज इतका बारीक सांगता येतो. खालच्या वेळा यूटीसी आहेत. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा.

मंगळवार ३१ जानेवारी, १७:२०. उरले सहा तास सात मिनिटं

एक इंजिनियर डीबी१च्या डिस्कचा स्नॅपशॉट काढतो आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर चढवतो. बॅकअप घ्यावा असं त्याच्या मनातही नाही. डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांवर वाटता येतो का, हे त्याला पीजीपूल लावून बघायचंय आणि त्यासाठी ताजा डेटा हवाय. असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदा आपोआप निघतोच. आज त्याने हाताने एक जादा काढला. पुढे डेटा परत मिळाला तो या एका जादा स्नॅपशॉटवरून.

१९:००. उरले चार तास सत्तावीस मिनिटं

डेटाबेसवरचा भार चढू लागतो. संशय स्पॅमवाल्यांवर. तो खरा होता, पण पुरा नव्हता. कुणीतरी गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याची गैरवापराची तक्रार केली होती, ती चुकून मान्य झाली होती, आणि ते खातं त्याच्या सगळ्या डेटासकट पुसण्याचं काम पाठीमागे गुपचूप चालू होतं. हे कळलं नंतर.

२१:००

लोकांना प्रतिक्रिया लिहिता येईनाशा होतात. स्पॅमवाल्यांना अडवणं, भार उतरवणं, यात वेळ जातो.

२२:००. उरला एक तास सत्तावीस मिनिटं

अलर्ट वाजतो: डीबी२ मागे पडलाय, सुमारे ४ जीबीने.

इथे जरा थांबायला हवं. पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये लिहितो आणि मग सवडीने मूळ फायलींत उतरवतो. दुकानात रोजकीर्द आधी आणि खतावणी मागून, तसं. स्टँडबाय हीच रोजकीर्द मुख्य सर्व्हरकडून ओळीओळीने घेतो आणि आपल्याकडे खतावतो. या लॉगचे १६ एमबीचे तुकडे असतात आणि जुने झालेले तुकडे मुख्य सर्व्हर मोडीत काढतो. त्या रात्री भार इतका होता की डीबी२ला हवे असलेले तुकडे त्याने मागायच्या आत डीबी१ने पुसून टाकले. लॉग दुसरीकडे साठवून ठेवण्याची सोय, ज्याला आर्काइव्हिंग म्हणतात, चालू नव्हती. मग साखळी तुटली ती तुटलीच.

रेप्लिकेशन स्लॉट लावला असता तर मुख्य सर्व्हर ते तुकडे स्टँडबायसाठी राखून ठेवतो. ही सोय पोस्टग्रेसच्या ९.४ पासून आहे आणि डीबी१ तर ९.६ वर होता. अर्थात स्लॉट लावून निर्धास्त झोपणाऱ्यांनाही दुसरी फजिती भेटते: स्टँडबाय बंद पडला की राखलेले तुकडे साचत जातात आणि एक दिवस मुख्य सर्व्हरचीच डिस्क भरते. नजर ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. मुख्य सर्व्हरवर ज्या तक्त्यात स्टँडबाय किती मागे आहे ते दिसतं, त्यात फक्त जोडलेल्या स्टँडबायची ओळ असते. जोडणी तुटली की ओळच गायब. ‘लॅग अमुक एमबीच्या वर गेला तर ओरड’ एवढंच सांगितलेला अलर्ट अशा वेळी गप्प बसतो, कारण मोजायला आकडाच उरलेला नसतो. ओळ आहे का, हे आधी विचारावं लागतं.

२२:०० ते २३:००

आता डीबी२ नव्याने भरणं आलं. रीत अशी: स्टँडबायवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी-बेसबॅकअप ही कमांड चालवून डीबी१ वरून सगळा डेटा पुन्हा ओढायचा. डिरेक्टरी रिकामी केली. मागे पडलेली का होईना, जी दुसरी प्रत होती ती इथे संपली. नाव बदलून बाजूला ठेवली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

कमांड चालेना. डीबी१ सांगतो, रेप्लिकेशनच्या जोडण्यांची मर्यादा कमी पडतेय. ती ३२ वर नेली, डीबी१ रीस्टार्ट केला, तर तो उठायलाच तयार नाही: सेमाफोर फार झालेत म्हणे. एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० होती. तेवढ्यावर सर्व्हर जवळजवळ वर्षभर बिनबोभाट चालला होता. ती २००० वर आणली तेव्हा कुठे तो उठला. पुन्हा पीजी-बेसबॅकअप. यावेळी तक्रार नाही, प्रगती नाही, एक अक्षरही नाही. नुसती चमकणारी खूण.

खरं तर बिघाड काहीच नव्हता. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ही कमांड मुकाट्याने थांबून राहते; तिची तीच तऱ्हा आहे. संघातल्या दुसऱ्या एका इंजिनियरला हे ठाऊक होतं, पण तो तेव्हा हजर नव्हता. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत ते लिहिलेलं नव्हतं आणि कमांडच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हतं.

२३:००. उरली सत्तावीस मिनिटं

कीबोर्डवर बसलेला इंजिनियर संध्याकाळी जादा स्नॅपशॉट काढणाराच आहे. त्याच्या गावी आता मध्यरात्र झालीय. ‘उशीर झालाय, मी निघतो’ असं तो मघाशी म्हणालाही होता. तेवढ्यात रेप्लिकेशनने डोकं वर काढलं. आता त्याला वाटतं, डिरेक्टरी रिकामी असली तरी ती जागेवर आहे म्हणूनच कमांड अडत असेल. ती काढूनच टाकू. तो पुसायची कमांड देतो.

दोन खिडक्या, दोन सर्व्हर. नावात फरक एका आकड्याचा.

२३:२७

एखाद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं की ही खिडकी डीबी१ची आहे. तो कमांड तोडतो. सुमारे ३१० जीबीपैकी साडेचार जीबी उरलेत. भारतात बुधवारची पहाट आहे, चार सत्तावन्न.

यानंतरचा तास मला त्या चुकीपेक्षा जास्त भयंकर वाटतो. हात घसरायला दोन सेकंद पुरतात. पुढे जे उघडकीला आलं ते कधीपासून तसंच पडलेलं होतं. रोजचा बॅकअप अ‍ॅमेझॉनच्या एस३ वर जातो, असं सगळे धरून चालले होते. बघायला गेले तर बकेट रिकामी. बॅकअप काढणारं पीजी-डंप ज्या सर्व्हरवर चालायचं तिथे डेटाबेस नव्हता, म्हणून कुठली आवृत्ती वापरायची हे त्याला कळत नव्हतं आणि ते आपलं ९.२ धरायचं. डेटाबेस ९.६. जुनं पीजी-डंप नव्या सर्व्हरला हात लावत नाही, चूक दाखवून बंद पडतं. ती चूक कळवणाऱ्या मेलही निघत होत्या! पण त्यांवर डीमार्क या मेल-पडताळणीच्या पद्धतीला हवी असलेली सही नव्हती, म्हणून मेल सर्व्हर त्या नाकारत होता. बॅकअप बुडत होता आणि बुडाल्याची बातमीही बुडत होती. अ‍ॅझुरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेससाठी नव्हते. स्टँडबाय तर तासापूर्वी आपल्याच हाताने रिकामा केलेला. कंपनीने लिहून टाकलं की पाच उपायांपैकी एकही धड चालत नव्हता किंवा मुळात लावलेलाच नव्हता.

उरला १७:२० चा स्नॅपशॉट. तो निघाला नसता तर सहाऐवजी जवळजवळ चोवीस तासांचं काम गेलं असतं.

बुधवार १ फेब्रुवारी

डेटा स्टेजिंगवरून परत आणायचा, तर तिथल्या डिस्क स्वस्तातल्या आणि हळू. नुसत्या नकलेला सुमारे अठरा तास. इकडे लोकसभेत अरुण जेटली अर्थसंकल्प मांडत होते, पहिल्यांदाच १ फेब्रुवारीला, आणि तिकडे फायली रांगत होत्या. कंपनीने आपल्या नोंदींचं कागदपत्र सर्वांना खुलं केलं आणि दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावलं. एका वेळी सुमारे ५००० लोक ते बघत होते. सर्व्हर दुरुस्त होताना बघण्यात कुणाला एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं. पण त्यातल्या कित्येकांचा एक डोळा स्वतःच्या बॅकअपवर असणार.

१८:१४

सेवा परत सुरू. आपल्याकडे रात्रीचे पावणेबारा. कोडच्या रिपॉझिटरी वेगळ्या सर्व्हरांवर होत्या, त्यांना धक्का लागला नाही. १७:२० नंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या: कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५००० प्रकल्प, ५००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. इंजिनियरची नोकरी गेली नाही, आणि ते बरोबरच झालं. आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे खिडकीत ठळक दिसलं पाहिजे, हे सुधारणांच्या यादीत आलं. बॅकअपवर देखरेख बसली.

तुमच्याकडे स्टँडबाय असेल आणि रात्री बॅकअप निघतो असं कुणीतरी कधीतरी सांगितलं असेल, तर आज घरी जाण्यापूर्वी ती बकेट उघडा. शेवटच्या फाइलची तारीख आणि आकार बघा, आणि ती दुसऱ्या मशीनवर चढवून एखादा तक्ता वाचता येतो का ते तपासा.